थाप पडेपर्यंत

तळेवाडीची ती पोरगी माझ्या नाकासमोर येऊन उभी राहिली आणि मी उठले.

एवढंच झालं होतं. खो-खोच्या मैदानात मी आपल्या चौकोनात बसले होते. ती पळता पळता माझ्यासमोर आली आणि दम खात थांबली. हात लांब केला असता तर तिची वेणी हातात आली असती. माझ्या पायांनी मला न विचारताच जमीन सोडली. मागून आमची नसीमा धावत येत होती. तिने माझ्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं आणि मगच मी उठायचं, हा नियम आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पंचांनी शिट्टी मारली, फाऊल दिला, नसीमाला उलट्या दिशेला पळावं लागलं आणि ती पोरगी हसत हसत पार दुसऱ्या खांबाला जाऊन पोचली. तेवढ्यात वेळ संपली. शेजारच्या गावातल्या मंडळाचा दिवाळीचा चषक तळेवाडीला गेला.

इथवर झालं ते खेळात होतंच. पुढचं मात्र खास माझं. मी पंचांकडे गेले, त्यांच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट ओढून घेतली आणि म्हणाले की तुम्हाला वाजवायची अक्कल नसेल तर मी वाजवते. आणि वाजवली. मंडळाची माणसं, तळेवाडीचे पाहुणे, आइस्क्रीमचा गाडीवाला, सगळे माझ्याकडे बघत राहिले.

माझं नाव विद्युल्लता. वडिलांची पिठाची गिरणी, पण नावाच्या बाबतीत त्यांना हौस मोठी. आईचं म्हणणं असं की नाव ठेवताना जरा विचार केला असता तर घरात रोज कडकडाट झाला नसता. दहावीत होते मी तेव्हा. राग आला की आधी हात चालायचा, मग तोंड, आणि कारण काय होतं ते संध्याकाळपर्यंत आठवायचं. रडू आलं तरी तसंच, हसू आलं तरी तसंच. एकदा प्रार्थनेच्या वेळी मला हसू फुटलं, तर शेवटी मुख्याध्यापकांनी राष्ट्रगीत लवकर सुरू करायला लावलं.

तर त्या दिवशी टेम्पोतून परत येताना नसीमा मुजावर माझ्या शेजारी बसली होती. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आमच्या कोल्हापूरकडे मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात, आणि नसीमा बोलायला लागली की परका माणूस मागे वळून मुलगा कुठाय ते शोधायचा. ती मला म्हणाली, "विजे, मी एवढा जीव तोडून पळत आलो. तुझ्या बुडाखाली काय काटं हाईत व्हय?"

सगळा टेम्पो हसला. तिने ते हसण्यासाठीच म्हटलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त सगळे हसले एवढंच दिसलं. मी म्हणाले, "तू म्हशीगत येतीस म्हणून मला उठायला लागतंय."

नसीमाने तोंड फिरवलं. टेम्पो थांबल्यावर ती उतरली आणि मला सोडून निघून गेली.

आम्ही दोघी एका सायकलवरून शाळेत जायचो. सायकल तिची होती, हवा भरायचा पंप माझा. दुसऱ्या दिवसापासून मी चालत जायला लागले. चार दिवसांनी तिच्या चाकातली हवा गेली आणि तीही चालायला लागली, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. पंप मागायला ती आली नाही आणि द्यायला मी गेले नाही. मधून एसटी गेली की धुरळा मात्र दोघींना सारखाच मिळायचा.

शिट्टीची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. आईने मला दारातच थांबवलं. ती चिडली की आवाज चढवायची नाही असं मला सांगायला आवडलं असतं, पण तो आवाज गिरणी चालू असताना वडिलांना आत ऐकू गेला. सगळ्याचं सार एवढंच की तालुक्याच्या शालेय स्पर्धा महिन्यावर आल्या आहेत, तिथे ती स्वतः येऊन बसणार, आणि मी पुन्हा असा एक जरी तमाशा केला तर खो-खो कायमचा बंद. मग निपाणीला मावशीकडे राहायचं आणि शिवणक्लासला जायचं. मला खो-खो गेला तर काय उरतं ते सुचेना. मला अभ्यास बेताचा येत होता, गाणं येत नव्हतं, दिसायला मी उन्हात वाळलेली. पण मैदानात उतरले की लोक उठून बघायचे. शाळेत माझ्याकडे बघायला दुसरं काही नव्हतं.

आमच्या खेळाच्या बाई म्हणजे आवटी बाई. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, साडीवर पांढरे बूट घालणाऱ्या. बाई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी मला पंचांच्या घरी नेलं, माफी मागायला लावली, शिट्टी परत द्यायला लावली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांना पळायला सांगून मला म्हणाल्या, "तू बस."

मला वाटलं शिक्षा आहे. ती शिक्षा नव्हती, सराव होता. मी माझ्या चौकोनात पवित्रा घेऊन बसायचं, दोन्ही हात जमिनीला टेकून, एक पाय पुढे. समोर छाया लोहार नावाची आमची सगळ्यात चावट मुलगी नाचायची, वाकुल्या दाखवायची, मीठ-तिखट लावलेली पेरूची फोड माझ्या नाकाखालून फिरवून स्वतः खायची. आणि माझ्या पाठीमागे बाई हात उचलून उभ्या. थाप कधी पडेल ते ठरलेलं नाही. कधी लगेच, कधी छायाचा आख्खा पेरू संपेपर्यंत नाही. मधल्या वेळात बाई आपल्या घरच्या गप्पा मारायच्या, काल आमटी कशी खारट झाली, मांजराने कुठे पिल्लं घातली. मी थापेआधी उठले की शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." पहिल्या आठवड्यात मी इतक्यांदा 'पुन्हा' ऐकलं की ते मला झोपेतही ऐकू यायचं.

"बाई, मला कळतंय की उठायचं नाही," मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण कळायच्या आत मी उठलेली असते."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी मागे उभी आहे."

हळूहळू एक गंमत व्हायला लागली. समोर छाया काय करते याच्याकडे माझं लक्षच जाईना. सगळं लक्ष पाठीत जमा व्हायचं, दोन खांद्यांच्या मधोमध. तिथे हात पडेपर्यंत जग थांबलंय असं वाटायचं. छायाला याचा फार राग आला. पेरू वाया गेले म्हणाली.

आणि मग एके दिवशी पाठीमागून मांजराच्या गप्पा ऐकू आल्या नाहीत. फक्त कुणाचा तरी श्वास. थाप पडली, "खो" ऐकू आलं आणि मी उठून पळाले. छायाला शिवून मागे वळले तर माझ्या चौकोनात नसीमा बसलेली. बाईंनी आपली जागा तिला दिली होती.

त्यानंतर रोज तीच. सरावाआधी नाही बोलायचं, सरावानंतर नाही बोलायचं, घरी दोन कडांनी जायचं. त्या दिवसांत आम्हा दोघींमध्ये एकच शब्द चालायचा, तोही तीच बोलायची. बाकीच्या मुलींना याची फार मजा वाटायची. मला वाटायची नाही. मला तिची इतकी आठवण यायची की शेजारी बसून यायची. पण आधी कोण बोलणार, हा मोठा प्रश्न होता, आणि तो सोडवण्यापेक्षा आम्ही दोघी मरायला तयार होतो.

तालुक्याच्या अंतिम सामन्याला पुन्हा तळेवाडीच समोर आली. मैदानाभोवती ही गर्दी. आई पहिल्या रांगेत, पदर खोचून, मांडीवर डबा घेऊन बसलेली. तिने येताना मला बजावलं होतं की मी खेळ बघायला येत नाही, तुझ्याकडे बघायला येतेय.

शेवटच्या डावात आम्ही पाठलाग करत होतो. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि तळेवाडीची एकच मुलगी मैदानात उरली, कुंदा तांबे. तीच ती, वेणीवाली. ती बाद झाली तर चषक आमचा, वेळ संपेपर्यंत टिकली तर पुन्हा नवा डाव, आणि आमच्या मुलींच्या पायांत नवा डाव खेळण्याएवढं काही उरलेलं नव्हतं. कुंदा मात्र तशीच ताजी. ती आमच्या मधून अशी वळणं घेत पळत होती की बघणाऱ्याला वाटावं आमच्याच मुली तिला वाट करून देताहेत.

आणि मग ती आली माझ्यासमोर. नेमकी तिथेच, नेमकी तशीच. थांबली. कमरेवर हात ठेवले. तिला माझी सगळी कुंडली ठाऊक होती. नसीमा पलीकडच्या अंगाने माझ्या पाठीमागे येऊन पोचली होती. कुंदाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोड हसून हळूच म्हणाली, "ऊठ की गं. शिट्टी आणलीयास न्हवं?"

माझ्या कानशिलांत ढोल वाजायला लागले. पाठीमागे नसीमाचा श्वास ऐकू येत होता. ती आली होती, हात उचललेला होता, हे मला न बघता कळत होतं. आणि थाप पडत नव्हती.

मी वाट पाहिली. थाप पडली नाही. समोर कुंदा हसतेय, भोवती लोक ओरडताहेत, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख आलं की ही मुद्दाम करतेय. मी हिला म्हैस म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, आणि आज सगळ्या तालुक्यासमोर, माझ्या आईसमोर ही मला उठायला लावणार. मी उठेन, फाऊल होईल, मी काहीतरी करेन आणि उद्या निपाणी. इतका राग आला मला की मागे वळून तिचा हातच पकडावा असं वाटलं. टाच जमिनीवरून सुटायला लागली होती.

तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला. आईचा. ती डबा टाकून रेघेपर्यंत आली होती आणि पंचांना उद्देशून ओरडत होती की ती पोरगी माझ्या लेकीला टोचून बोलतेय, तुम्हाला ऐकू येत नाही का, कानात काय कापूस घातलाय का. एक पाय तिने आखलेल्या रेघेच्या आत टाकला होता. आणि मी बघितलं, आवटी बाई पळत गेल्या आणि त्यांनी आईच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला. आई थांबली. पाय मागे घेतला.

मी टाच खाली टेकवली. सगळं लक्ष पाठीत नेलं. म्हटलं, नसीमा थाप देईल. देईल तेव्हा देईल. तिने नाही दिली तरी मी उठणार नाही, बघूच.

कुंदा वाट बघत होती माझ्या उठण्याची. सगळी तयारी तिने त्याचीच केली होती. मी उठत नाही म्हटल्यावर ती गोंधळली, क्षणभर तिची नजर मैदानाबाहेर आपल्या शिक्षकांकडे गेली, तोल एका पायावर आला.

थाप पडली. "खो!"

मी कधी उठले ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की माझा पंजा तिच्या खांद्यावर होता, पंचांची शिट्टी वाजली होती आणि या खेपेला ती मला फार गोड वाटली.

मग काय झालं ते सांगायला क्रम नाही. छाया माझ्या अंगावर, तिच्या अंगावर बाकीच्या, कुणाचं तरी कोपर माझ्या नाकात. त्या ढिगाच्या तळाशी माझ्या शेजारी नसीमाचं तोंड होतं, मातीने माखलेलं.

"उठली कशी न्हाईस गं?" ती धापा टाकत म्हणाली. महिन्याभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"तू थाप दिली न्हाईस."

"तिची नजर हलायची वाट बघत हुतो. मला वाटलं तू उठतीस. मी म्हटलं, मेलो आता."

"मला वाटलं तू सूड घेतीयास."

नसीमाने तोंडातली माती थुंकली. मग तिला हसू फुटलं, मग मला, आणि वरच्या मुली ओरडायला लागल्या की हलू नका, आम्ही पडतोय. हसता हसता मी रडायला लागले आणि मला ते थांबवता आलं नाही. तिलाही आलं नाही. घरी गेल्यावर मी पंप घेऊन तिच्या दारात गेले.

पण त्याआधी चहाच्या टपरीवर बाईंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. आई खाली मान घालून बसली होती. मला म्हणाली की तुला सांगायला आले आणि मीच तमाशा केला. बाईंनी तिला चहा दिला. म्हणाल्या की मध्ये शिक्षकांच्या शिबिरात एक डॉक्टर आले होते, त्यांनी डोक्याचं चित्र दाखवलं. राग, आनंद, भीती हे सगळं डोक्याच्या पार आतल्या भागात असतं, आणि या पोरींच्या वयात ते नुसतं सळसळत असतं. त्याला आवरणारा भाग इथे, कपाळामागे. त्याचं बांधकाम सगळ्यात शेवटी पुरं होतं, पंचविशीपर्यंत चालतं म्हणे. तोवर पोरांना आवर म्हणून ओरडून काय होणार? तो आवरणारा अजून पुरता आलेला नाही.

"मग तोवर काय करायचं?" आईने विचारलं.

"मागे कुणीतरी उभं राहायचं," बाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

आईने बशीत चहा ओतला. मग म्हणाली, "बाई, पण मी तर चाळिशीला आले."

"काहींचं बांधकाम जरा लांबतं," बाई म्हणाल्या, आणि आईच्या तोंडातला चहा भज्यांवर उडाला. मला शिवणक्लासला कुणी पाठवलं नाही. पुढे आई माझ्या एकूण एक सामन्याला आली आणि बाई दर वेळी तिच्या मागे बसल्या.

आता मी एसटीत कंडक्टर आहे. खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवरच लागले. त्या नोकरीत पहिली काही वर्षं रोज कुणाशी तरी वाजायचं आणि रोज संध्याकाळी मी नसीमाला फोन करायचे. ती आपली सांगलीत बसून म्हणायची, "बसून ऱ्हा. अजून थाप दिली न्हाई मी." तेवढ्याने मी दुसऱ्या दिवशी नीट असायचे.

गेल्या वर्षी शाळा सुटायच्या वेळची गाडी होती. गच्च भरलेली. दप्तर घेतलेली एक पोरगी वाटेतच उभी राहून खिडकीच्या जागेवरून मैत्रिणीशी भांडत होती, आणि मी तिला पुढे सरक म्हटलं तर ती माझ्यावरच घसरली. काय काय बोलली. माझ्या गणवेशावरून, माझ्या आवाजावरून, शेवटी माझ्या बापावरून. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

मी सवयीने पाठीत लक्ष नेलं आणि थांबले. थापेची वाट बघत राहिले. पोरीचे डोळे भरले होते, ते तिला कुणाला दिसू द्यायचे नव्हते. मला ते सगळं अगदी सावकाश दिसलं. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या पाठीमागे बसचा दांडा आहे. कुणीच उभं नाही. आणि तरी मी जागची हललेली नाही.

मला इतका आनंद झाला की हसूच आलं. पोरगी आणखी चिडायच्या आत मी तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला. गाडी वळणं घेत होती. दोन गावं गेल्यावर तिचा श्वास खाली बसला, तिने मैत्रिणीकडे वळून डोळे पुसले आणि तिला खिडकीची जागा दिली. मग मान वर करून मला विचारलं, "मावशी, तुम्ही कवापासनं उभ्या हाय?"

"तुझ्याएवढी होते तेव्हापासनं," मी म्हणाले आणि घंटीची दोरी ओढली.